घरच्यांना थँक्यू

आई, अकोल्यात मी साड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी असते तेव्हा दिवसभर माझ्या तोंडात प्लीज, सॉरी, थँक्यू. जीभ पार सैल झाली आहे. तुझ्यापुढे मात्र त्यातला एक शब्द काढायची सोय नव्हती.

तू भातकुलीच्या शाळेत खिचडी शिजवायचीस. नव्या बाईंनी नियम काढला, ताट हातात पडलं की पोरांनी थँक्यू म्हणायचं. पहिल्याच दिवशी तू फणफणत घरी आलीस. "लेकरायले जेवाले वाढलं त थँक्यू कायचं? मी का परकी आहो?" मी बारावीच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "चांगली सवय आहे ती. तुला नाही कळायचं." थँक्यूला उलट वेलकम म्हणतात, हेही मी तुला सांगितलं नाही. तू आपली प्रत्येकाला "खाय बाप्पा, पोटभर खाय" म्हणत राहिलीस. पहिलीतल्या पोरांना थँक्यूचं उत्तर हेच असतं, असं वाटायचं.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आले आणि निघताना तू मुगवड्यांचा डबा दिलास. मी सवयीनं थँक्यू म्हणून गेले. तुझा हात डब्यावरच थांबला. "काहून वं, पाहुनी झाली का तू?" एसटी सुटली तरी तू हात हलवला नाहीस. तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला. आज माझी लेक पाण्याचा ग्लास घेते, थँक्यू मम्मा म्हणते, मी वेलकम म्हणते आणि दोघी आपापल्या मोबाइलकडे वळतो. भांडण नाही, तंटा नाही. पण तसं रागावणारं कुणी उरलं नाही गं. तुझं ते फटकारणं ऐकायला जीव तुटतो.

शेवटी अमरावतीच्या दवाखान्यात मी तुला चमच्यानं पेज भरवत होते. दोन घोट घेऊन तू माझ्याकडे बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "थँक्यू." अगदी नर्सला म्हणायचीस तसं. मी वाटी धुवायचं निमित्त करून बाहेर पळाले. मी का परकी आहे, एवढं विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला हे दाखवायचं नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. तू मला त्या दिवशी ओळखलं नसावंस, असंच मी धरून चालते. ते त्यातल्या त्यात सोपं जातं.