हात कसा आहे

परळ, मार्गशीर्ष, सन १८९९

दादा, लवूचा दंडवत.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही पहिल्या बोटीने याल आणि मला गावी घेऊन जाल.

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं आहे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, धागा तुटला की मला गाठ मारता येत नाही. कोपरात शीर चेपली आहे. डॉक्टर उद्या कोपर चिरून ती मोकळी करणार आहेत. त्यांनी विचारलं, "लहानपणी हे मोडलं होतं ना? हाड वाकडं जुळलं, तेच आता बाधतंय." मी म्हटलं, रातांब्याच्या झाडावरून पडलो. तुम्ही ढकललंत हे मी आईलाही सांगितलं नाही, त्यांना कशाला सांगू?

तुमची भावजय रडते, हात कायमचा जाईल म्हणते. मी ऐकणार नाही. बावीस वर्षं तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो, हात कसा आहे. मी दर वेळी 'बरा आहे' असं लिहीत आलो. एकदा तरी मला ते खरं लिहायचं आहे.

तुमचा, झाडावरून आपणहून पडलेला,
लवू