दोष तिच्या माहेरचा

३ जून २००५
संकल्प: राग सोडायचा. तंजावरच्या मराठ्याचं रक्त तापायचंच, पण पंचेचाळिशी आली. सकाळी सांबारात मीठ नव्हतं म्हणून ताट भिंतीवर फेकलं. शेवटचं म्हणून. ताट पडलं तशी कीर्तनाही पडली. पंधरा वर्षांची घोडी, पण बापाला भिवविण्याची नाटकं. बायकोने, जयंतीने, तोंडावर पाणी मारलं. उठली.

५ जून
शेजारच्या मुरलीने माझ्या गेटसमोर स्कूटर लावली. शांतपणे लाथ घातली. हेडलाइट फुटला. मी त्याची कॉलर धरली, त्याने माझी. ओठ फुटला (माझा). एकंदरीत विजय माझाच. राग नव्हता, तत्त्व होतं.

८ जून
राँग नंबर. टेलिफोन आपटून फोडला. कीर्तना कोसळली. या वेळी ओठ निळे. ऑटोत घालून हॉस्पिटल.
डॉक्टर नारायणस्वामी म्हणाले, ईसीजी बिघडलाय. ठोक्यानंतर हृदयाची वीज पुन्हा भरायला फार वेळ घेते. तेवढ्यात मोठा आवाज झाला तर ठोके सैरभैर होतात, जीवही जातो. आईबापांपैकी एकाच्या जीनमधून येतं. घरात कोणी अचानक गेलं का? मी छाती काढून सांगितलं, माझे वडील. दूधवाल्याला बडवता बडवता उभ्याने गेले. मर्दाचं मरण. डॉक्टरांनी लिहून घेतलं. आदराने असावं.

९ जून
विचारांती ठरलं: दोष जयंतीच्या माहेरचा. तिचा भाऊ मधुसूदन शाळेची घंटा झाली की बेशुद्ध पडायचा. आणखी पुरावा काय हवा?
तिरुवल्लिकेणीला जाऊन सासरे बालाजीराव यांना सभ्यपणे जाब विचारला. आमच्यात असलं काही नाही म्हणाले. कानाखाली दिली. सासूने मला खराट्याने झोडपलं. तिचा अधिकार आहे, माझी थोरली बहीण ती, राजसअक्का. आमच्यात मामाला भाची देतात. पण अक्का दिली ती दिल्या घरची. तिचं रक्त आता बालाजीरावांचं.

१४ जून
सगळ्यांचे ईसीजी झाले. बालाजीराव ठीक. जयंती ठीक. अक्काचा बिघडलेला. माझाही.
डॉक्टरांनी कागदावर वंशवृक्ष काढला. मधुसूदनची रेघ अक्कापर्यंत गेली, कीर्तनाची माझ्यापर्यंत. दोन्ही वर जाऊन वडिलांपाशी मिळाल्या. लग्नानंतर मुलीचं गोत्र बदलतं, असं मी सुनावलं. ते म्हणाले, गोत्र बदलेल, जीन नाही. टेबलावर आपटायला पेपरवेट उचलला. समोर कीर्तनाने डोळे मिटून दोन्ही कान गच्च दाबले.
पेपरवेट अलगद ठेवला. खूप घाबरलो.

२० जून
मला आणि कीर्तनाला रोज गोळी. नव्या फोनची घंटा बंद. स्टीलची भांडी माळ्यावर, जेवण प्लास्टिकच्या ताटात. मुरलीने पुन्हा गेटसमोर स्कूटर लावली. हळू आवाजात समजावलं. त्याला ऐकू गेलं नाही.
आज सांबारात मीठ नव्हतं. मुकाट्याने जेवलो. कीर्तना समोर जेवत होती, डावा हात कानावर ठेवून.