म्हाताऱ्याची पँट आणि माझं पुस्तक

१४ जुलै, सोमवार

नेमणूक झाली! समारंभ कसला – डूडेकनं शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीची काच खाली केली आणि म्हणाला, "कर्टिस, यंदा आक्रमण तुझ्याकडे. ग्रबरनं डोकं खाल्लंय माझं." काच वर. गेला. म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना पोरांनी काय करायचं, ते आता मी ठरवणार.

ग्रबर टायरवाला आहे, शाळेच्या फुटबॉल समर्थक मंडळाचा अध्यक्ष. टायर विकून विकून माणसाला खेळ कळतो असा त्याचा समज आहे. पण या वेळी बरोबर बोलला – "लोकांना चेंडू हवेत बघायचाय!" डूडेक माझ्या जन्माआधीपासून इथला मुख्य प्रशिक्षक. त्याच्याकडे एकूण तीन चाली. चेंडू छातीशी धरून मधून घुसा, डावीकडून घुसा, उजवीकडून घुसा. चेंडू हातानं लांब फेकणं त्याला देवळात शिवी दिल्यासारखं वाटतं.

मला फक्त एक चांगला हंगाम हवाय. मग कोलंबस शहराजवळच्या मोठ्या शाळा आहेत आणि मी आहे. हे नदीकाठचं बंद गिरण्यांचं गाव यांनाच लखलाभ!

१९ जुलै, शनिवार

चालींचं पुस्तक सुरू. जेवायच्या टेबलावर कागदच कागद. गोल म्हणजे आपली पोरं, फुल्या म्हणजे त्यांची. डीना म्हणाली, "मी ताट कुठे ठेवू? फुल्यांवर की गोलांवर?" बायकोला विनोद सुचतायत.

कॉलेजच्या संघात मी साहाय्यकाचा साहाय्यक होतो. कॉफी आणायचो, पण डोळे उघडे ठेवून आणायचो. तिथल्या चाली उचलल्या, जरा फिरवल्या, नावं बदलली. सगळे हेच करतात. कबूल करायचा मूर्खपणा मी तरी करणार नाही.

३१ जुलै, गुरुवार

पुस्तक पूर्ण! जाडजूड, कडीवाल्या फाइलीत, रंगीत खुणांसकट. डूडेकला दिलं. त्यानं उघडलं नाही. हातात घेऊन वजन केलं. "छान. ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटत असतं."

संध्याकाळी बघतो तर खरंच दाराला लावलेलं!

६ ऑगस्ट, बुधवार

पोरं! काय ही पोरं! अंगानं बैल आणि अक्कल दगडाची. त्यातला त्यात हुशार म्हणून रस्नाक क्वार्टरबॅक आहे, म्हणजे प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होणार. त्याला फळ्यावर 'गरुड उजवा, दुहेरी वळण, सात' नीट समजावली. फळ्याजवळ आला, गोल मोजले. मग म्हणाला, "कोच, यातला मी कुठला गोल?"

बाकीचे हसले. मी नाही हसलो.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुस्तक कापावं लागलं. नावंही सोपी केली. मोत्यांची भाकरी करून वाढायची, दुसरं काय.

आज हातवारे ठरवले. बँडच्या आवाजात ओरडून काही पोचत नाही, म्हणून चाल बाजूच्या रेषेवरून खुणांनी सांगायची. पोट चोळलं की जवळचा पास. दंडावर करवत चालवली की लांबचा. डोक्यावर थाप आणि एक गिरकी म्हणजे 'गरुड उजवा'. पण दुसऱ्या शाळांचे हेर स्टँडमध्ये दुर्बिणी घेऊन बसतात आणि खुणा टिपतात. म्हणून सगळीकडे रीत अशी की दोघांनी उभं राहायचं – एक खरा, एक खोटा. पोरांना माहीत असतं कुणाकडे बघायचं.

खोटा म्हणून डूडेकलाच सांगितलं. म्हटलं, "तुम्ही काहीही करा, नुसते हात हलवत राहा." मला वाटलं चिडेल. उलट खूश झाला! "जमेल रे मला. पोरांना मी समजावतो." कीव आली. मुख्य प्रशिक्षक म्हणे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दर गुरुवारी डूडेक पोरांना एकटाच व्यायामशाळेत घेऊन जाणार. 'मनोबल'साठी! मी त्या वेळात समोरच्या संघाचे व्हिडिओ बघायचे. बरंच झालं. माझ्या हजेरीत असला भाबडेपणा चालणारही नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पहिला सामना. जिंकलो!

पण कसे? मी करवत चालवली, लांबचा पास. रस्नाक चेंडू बगलेत मारून मधून घुसला. आठ यार्ड पुढे. मी पोट चोळलं. डावीकडून घुसला. टचडाउन, सहा गुण! मध्यंतरात पकडला त्याला.

"मी काय सांगितलं होतं?"

"सॉरी कोच, चुकलं."

"मग घुसलास कशाला?"

"मोकळं दिसलं, कोच."

मोकळं दिसलं! दोन आठवडे घसा फोडून शिकवलं आणि याला मोकळं दिसलं. डूडेक शेजारी उभा राहून पँट वर ओढत होता. सामनाभर तेवढंच. पँट ओढणे, डावा कान खाजवणे, नाक पुसणे. त्याला धड खोटं वागताही येत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

पुन्हा जिंकलो. पुन्हा तीच चुकांची जत्रा. वीस मिनिटं भाषण दिलं पोरांना. सगळे माना खाली घालून, बुटांकडे बघत. रस्नाकचे खांदे हलत होते. रडवलं की काय? रडू दे.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल एक गंमत. समोरच्यांनी माझ्या खुणा ओळखल्या! मी करवत चालवली की त्यांचा प्रशिक्षक बोंबलायचा, "लांबचा! लांबचा! मागे व्हा!" आणि त्यांची सगळी फौज मागे पळायची. नेमका तेव्हाच आमचा गाढव विसरून मधून घुसायचा, आणि मध्ये कुणीच नसायचं!

म्हणजे पोरं चुकली तरी माझ्या पुस्तकाची दहशत सामना जिंकते. हे ग्रबरला सांगितलं. त्याला ते फार आवडलं. स्थानिक पेपरवाल्यालाही सांगितलं.

२० सप्टेंबर, शनिवार

पेपरात फोटो! मी गिरकी घेताना. शीर्षक: 'नव्या डोक्याचं नवं आक्रमण'. मागे डूडेक, कानात बोट. दुकानात त्यानंच माझ्यासाठी जास्तीचे अंक घेऊन ठेवले होते. "भिंतीवर लाव," म्हणाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

काल एकदा – एकदाच! – 'गरुड उजवा' जशीच्या तशी झाली. आम्ही खूप पुढे होतो. डूडेक रस्नाकच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि पुढच्याच खेळीला सगळं पुस्तकाबरहुकूम. गोल न् गोल जागच्या जागी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इथे लिहायला हरकत नाही. शेवटी पोराच्या हातातून चेंडू सुटला, ते वेगळं.

पडवीत डीना म्हणाली, "डूडेकच्या कानाला काही झालंय का? सारखा खाजवतो." म्हटलं, वय झालं. तिनं ओठ दाबून हसू आवरलं. मग म्हणाली, "स्टँडमधल्या आयांना त्याचं फार कौतुक आहे." असेल. आयांना काय कळतंय.

१ नोव्हेंबर, शनिवार

नदीपलीकडच्या शाळेला हरवलं! कित्येक वर्षांनी! गावानं रस्त्यात शेकोट्या पेटवल्या. चर्चच्या बायकांनी पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, परात माझ्या हातात दिली. एक म्हातारी म्हणाली, "बाळा, तू नाचतोस छान."

नाचतोस! यांच्यापुढे प्रतिभा म्हणजे गाढवापुढे गीता.

१० नोव्हेंबर, सोमवार

प्लेऑफच्या बाद सामन्यांत दुसऱ्या फेरीला हरलो. पाऊस, चिखल. जाऊ दे. कारण आज फोन आला! कोलंबसजवळची ती मोठी शाळा. त्यांच्या माणसानं आमचे आकडे बघितलेत. "चाली तुम्हीच सांगता ना?" मी म्हटलं, "प्रत्येक."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जागा माझी! इथे राजीनामा दिला. डूडेकचा चेहरा पडला. चक्क म्हणाला, "तुझ्याशिवाय जमायचं नाही रे, कर्टिस. तुझ्यासारखा पुन्हा कुठून आणू?" बिचारा. उशिरा का होईना, किंमत कळली. दाराचं पुस्तक काढलं, पुसलं, घरी आणलं.

डीना खूश नाही. "सही करण्याआधी एकदा डूडेकशी बोल. नीट बोल." काय बोलायचं? पँट कशी ओढावी ते?

सही केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल चर्चच्या हॉलमध्ये हंगामाची मेजवानी. शेवटी रिवाजाप्रमाणे पोरांनी प्रशिक्षकांच्या नकला केल्या. रस्नाक आधी डूडेक झाला. पँट वर ओढली – सगळा संघ ओरडला, "मधून!" डावा कान खाजवला – "डावीकडून!" नाक पुसलं – "उजवीकडून!" मग तो मी झाला. पोट चोळलं, दंडावर करवत चालवली, डोक्यावर थाप मारली, गिरकी घेतली. आणि अख्खा हॉल, आया, बाप, पाद्री, सगळे एका सुरात – "काही नाही!"

डीनाही ओरडली.

उद्या सकाळी नव्या शाळेत पोरांपुढे पुस्तक उघडायचंय.