ओल्या मातीचा पांढरा पुरावा

कोल्हार,
मंगळवार

स्नेही काकासाहेब यांस,

नृसिंहाचा नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? (प्रश्न औपचारिक नाही. महिनाभर तो खिडकीतून विचारता आला असता, विचारला नाही.) माझा डोळा बरा आहे. बुद्धीविषयी खाली लिहितो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मला अंगणात जाण्यास मनाई होती, म्हणून स्वयंपाकाच्या केशरबाई रोज माझ्या मोबाईलवर बागेचे छायाचित्र काढून आणीत. पडद्याचा उजेड सोसेना, तेव्हा नात मनवा हिने मोबाईलचे रंग उलटे करून दिले: काळ्यावर पांढरी अक्षरे. छायाचित्रे पाहताना ते पूर्ववत करावेत, असेही ती म्हणाली होती. (अर्धे वाक्य ऐकून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांना मी चौतीस वर्षे तर्कशास्त्राच्या तासाला उभे केले आहे.) त्या चित्रांत माझी पत्नी पुष्पावती हिने लावलेल्या मोगऱ्याची पाने जांभळी, फुले काळी, बुंध्याभोवती पांढरी भुकटी, आणि तीत आपण वाकलेले. प्रतिज्ञा: काकासाहेबांनी मोगऱ्यास तणनाशक घातले. हेतू: ते वाकतात तेथे माती पांढरी होते. उदाहरण: त्यांच्याच बांधावरचे जळके गवत. (अनुमानाच्या उरलेल्या दोन पायऱ्या, उपनय व निगमन, यांची पुनरुक्ती टाळतो.) केशरबाई म्हणाल्या, “झाड हिरवंगार हाय, सर. तुमचा डोळाच आजारी हाय.” मी त्यांची साक्ष फेटाळली. त्यांचे दोन्ही डोळे शाबूत होते, हा मुद्दा विचारात घेतला नाही.

पुढे आपल्याला खिडकीशी बोलावून, डेअरीला निघालेल्या चौघांदेखत मी हे सारे ऐकवले. “तुमी म्हनता तर तसंच आसंल, सर,” एवढे बोलून आपण झारी कट्ट्यावर ठेवलीत व गेलात. प्रतिवाद न आल्यामुळे मी स्वतःस विजयी मानले.

दहा दिवसांपूर्वी मनवाने रंग सरळ केले. पांढरी भुकटी म्हणजे ओली माती. जितकी जागा आपण भिजवलीत, तितकी मला विषारी दिसली होती. सरळ रंगांत आपण सावलीत इतके मिसळता की शोधावे लागते. उलट्या रंगांत मात्र लख्ख उभे असता. पुष्पावती गेल्याला तीन वर्षे झाली. मोगऱ्यास पाणी कोण घालते, हे मी कधी विचारलेच नव्हते. घालणारा मला प्रथम दिसला, तो आरोपी म्हणून.

माझे विधान मी मागे घेतो. त्याच चौघांदेखत घेईन.

आपला,
नृसिंह

ता.क. बाहेर पडण्यास डॉक्टरांनी मोकळीक देऊन आठवडा झाला. आपले दार येथून वीस पावलांवर आहे. काल अठरा चाललो.

पुन्हा ता.क. हे पत्र केशरबाई आणतील. क्षमा केली असेल, तर त्यांच्यापाशी निरोप पुरे. केली नसेल, तर मात्र तसे सांगायला आपण स्वतः यावे. चहाचे आधण ठेवले आहे.