एक मणका जास्त

प्रिय टिल्ल्या,

सहा फुटी माणसाला या नावाने हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा ते मी काही सोडणार नाही. तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. कामात होते म्हणून सांगता आलं असतं, पण तसं नव्हतं. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, मध्येच काहीतरी बोलून हसवतोस आणि मी विषय टाळून मोकळी होते. म्हणून कागदावर. शेवटपर्यंत वाच, मग फाडलास तरी चालेल.

राखाडी मांजर चार पावलं चालून दुधाच्या वाटीपाशी जाते, तो व्हिडिओ मी तुला दाखवून दीड महिना झाला. तो तू दिवसातून कितीदा बघतोस हे तुझ्या बायकोने मला सांगितलंय. दुरुस्तीला आलेल्या मिक्सरांच्या गराड्यात फोन उभा करून ठेवतोस म्हणे. त्याच निकालाच्या जोरावर रुग्णालयाने माणसांवरच्या चाचणीसाठी दहा जणांची यादी केली, आणि चौथं नाव तुझं. ते मीच घातलं. तू फॉर्मवर सही करताना मुद्दाम विचारलंस, नाचायचं असेल तर वेगळा फॉर्म आहे का. मी बाहेर जाऊन रडले, हे तुला माहीत नाही.

माझं काम तू लोकांना कसं सांगतोस ते मला ठाऊक आहे. ताई मांजरांच्या पाठीत सुया खुपसते. खोटं नाही ते. पूर्वी पाठ उघडून, हाड कापून मज्जारज्जूला इजा करत. मांजर त्या जखमेनेच अर्धमेलं होई. आम्ही जाड सुईच्या वाटेने एक बारीक नळी आत सरकवतो. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा फुगा असतो. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ठरलेल्या मणक्यापर्यंत जायचं, पाच मिनिटं फुगा फुगवायचा, काढून घ्यायचा. भूल उतरली की संध्याकाळी मांजर खायला मागतं. मागचे पाय मात्र गेलेले असतात, आणि ते मी घालवलेले असतात. हे मी कधी गोड करून सांगितलं नाही. फाटकापाशी पाट्या घेऊन उभ्या असणाऱ्या मुलींनाही नाही, त्यांचा राग मला समजतो. पण मान खाली घालून मी त्यांच्यासमोरून कधी गेले नाही, जाणारही नाही. तू शिडीवरून पडलास त्या दिवशी डॉक्टरांनी हात वर केले होते. पुढच्या कुणाच्या बहिणीसमोर ते वर होऊ नयेत, एवढ्यासाठी मी हे करते.

या मांजरांचं मूत्राशय दिवसातून तीनदा हाताने दाबून रिकामं करावं लागतं. ते आमच्या मावशी करतात, पिंजऱ्यांची सगळी निगा त्यांच्याकडे. किती दाबायचं हे मला पुस्तकातून कळलं, त्यांना बोटांतून. तुला पहिल्या वर्षी ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटायची, ती मावशी गप्पा मारत करतात, मांजराला जावयाची गाऱ्हाणी सांगत.

एकूण बारा मांजरं होती. सहांना इजेनंतर त्याच वाटेने औषध दिलं, सहांना नाही. औषधाच्या सहांपैकी तीन पाचव्या आठवड्यात चालली. बाकी नऊ जागची हलली नाहीत. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. आणि पंधरा दिवसांपूर्वी मावशी सहज म्हणाल्या, “बाई, ही चालणारी तिघं भावंडं अंगाने लांबच हो. पाठीवरून हात फिरवायला लागलं की पाठ संपतच नाही.”

मी हसले. जेवताना मात्र घास तोंडातच राहिला. त्याच दुपारी तिघांचे मानेपासून शेपटीपर्यंत एक्स-रे काढले. मांजराच्या कमरेत सात मणके असतात. या तिघांना आठ. एका आईची पिल्लं, घराण्यातच एक मणका जास्त. आणि मी काय केलं होतं? पडद्यावर कमरेचं हाड ठळक दिसतं, म्हणून खालून वर मोजत गेले. सात झाले की आठव्या जागी, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या मणक्यापाशी, फुगा. शेवटच्या बरगडीपासून खाली मोजायला एक मिनिट जास्त लागलं असतं. ते मिनिट मी वाचवलं. या तिघांत फुगा एक मणका खाली फुगला, जिथे मणक्यातली पोकळी जरा ऐसपैस असते, आणि तेवढ्याच फुग्याने तिथे मज्जारज्जूला नीट दाबलंच नाही. ती औषधाने चालली नाहीत, टिल्ल्या. त्यांना मुळात लागलंच कमी होतं. ज्यांना नीट लागलं, त्यातलं औषध घेतलेलं एकही उठलं नाही.

साहेबांकडे गेले. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली. मग म्हणाले, एक मणका इकडे तिकडे, कोण मोजायला बसलंय. पुढच्या खेपेला नीट करू, चाचणी कशाला अडवायची. मी हलले नाही तेव्हा आवाज मऊ केला. “निदान तुमच्या भावाचा तरी विचार करा.”

मी म्हटलं, “साहेब, त्याला मध्ये आणू नका. तो चालता असता तर माझ्याआधी तोच तुमच्या टेबलापाशी आला असता.”

आला असतास ना? पडण्याआधी, तू वायरमन असताना, त्या नव्या इमारतीत अर्थिंग चुकलं होतं, तेव्हा तू सगळ्या मजल्यांची वीज बंद करून जिन्यात ठाण मांडून बसला होतास. लोक तुझ्या नावाने खडे फोडत होते आणि तू शेंगदाणे खात होतास. तुझ्यावर चिडून तुला घरी न्यायला मीच आले होते, आणि तू ऐकलं नाहीस. मला तुझा राग आला होता, आणि हेवाही वाटला होता.

आता ऐक. गेल्या शुक्रवारी मी तिन्ही फिल्म, माझी चूक आणि खाली माझी सही, असं सगळं तपासणी समितीकडे दिलं. कुणाला विचारलं नाही, तुलाही नाही. विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, गप्प बस, मला टोचू दे, झालं तर झालं. आणि मी कदाचित बसलेही असते. ज्या औषधाने मांजर उठलं नाही, त्यासाठी तुझ्या पाठीत सुई जाऊ देणार नाही. तुझे दंड, तुझी कमर, खुर्चीतून पलंगावर स्वतःचं स्वतः येण्याची ताकद, त्यातलं काही पणाला लावणार नाही. साहेबांनी मला प्रयोगाच्या खोलीत यायला मनाई केली आहे. मी रोज नऊला जाऊन दारातल्या बाकावर बसते. काढायचं तर लेखी काढा म्हटलंय, आणि नवी बारा मांजरं आली की मोजायलाही मीच बसणार, बरगडीपासून. तुझी माफी मी मागणार नाही, कारण मागितली तर तू ती लगेच देशील. येत्या सोमवारी सकाळी तुला रुग्णालयातून फोन येईल. चाचणी थांबली, एवढंच सांगतील, कारण सांगणार नाहीत. कारण मी आहे, आणि हे तू दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नाहीस, म्हणून हे पत्र. चिडशील, चिडच. फक्त त्या फोनवरच्या बाईला शिव्या देऊ नकोस, ती बिचारी नुसती यादी वाचते. मला दे. माझ्या घराच्या दारातून तुझी खुर्ची आत येते, मी काल फूटपट्टी घेऊन मोजलंय. रविवारी मी दिवसभर घरीच आहे.

तुझीच, आणि यावेळी तुझं न ऐकलेली,
ताई