पुढच्या चाकांवरचा प्रचार

उमरोळी, ३ मे १९६७

जीप आली. मिलिटरीच्या लिलावातली. हिरवी, हूड थोडं फाटकं. पंचायत समितीला उभा राहणारा, स्वतःची गाडी असलेला या भागातला पहिला उमेदवार मी. समोरचा शांताराम पाटील बैलगाडीतून फिरतो. कीव येते.

इतर गाड्यांचं इंजिन फक्त मागची चाकं ओढतं. हिचं मागचीही आणि पुढचीही. वाळू, चिखल, खाडीकाठचं दलदलीचं खाजण, काही अडत नाही. सौ. जयवंतीला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, रहाट मोडलाय तो आधी बघा. बायकांना यंत्रातलं कळत नाही.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. रोज दोन गावं. प्रत्येक मतदाराशी नावाने बोलणे.

५ मे

साडेआठला उठलो. एक गाव झालं. नावं लक्षात राहिली नाहीत, पण चेहरे राहिलेत.

ड्रायव्हर ठेवला. भगवंत, नगरकडचा. तारापूरच्या प्रकल्पावर डंपर चालवायचा. तिथून का काढलं ते विचारलं नाही. नेत्याने बारीकसारीक विचारू नये.

निवडणूक चिन्ह म्हणून जीप मागितली होती. यादीत नव्हती. छत्री मिळाली.

८ मे

गाडीच्या मागून टकटक आवाज. भगवंत म्हणाला, मागचा शाफ्ट बोलायला लागलाय. म्हटलं, बोलू दे. लांबून आवाज आला की उमेदवार आल्याचं लोकांना कळतं, लाउडस्पीकर नको.

दुपारी मिलिटरीचं मॅन्युअल वाचायला घेतलं. इंग्रजी सोपं आहे, आकृत्या मात्र फार गुंतागुंतीच्या. जयवंतीने येऊन पुस्तक सुलट करून दिलं. तरीही गुंतागुंतीच्याच.

११ मे

बोईसरच्या फाटकाजवळ धाडकन आवाज झाला. खालून काहीतरी रस्त्यावर आपटत फरफटत आलं. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. लोक जमले. संधी साधून छत्रीची हँडबिलं वाटली.

चंद्रभान मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि काळा होऊन बाहेर आला. म्हणाला, "सेठ, पीछे का शाफ्ट गया. पार्ट बंबई से मँगाना पडेगा. तब तक गाडी खडी रखो."

शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा. मतदान अठ्ठावीसला आणि हा गाडी उभी ठेवा म्हणतो. मी त्याला तो दांडा काढूनच टाकायला सांगितला. पुढच्या चाकांचा दांडा वेगळा असतो, वेगळी लिव्हर ओढली की त्याला जोर मिळतो, आणि तो शाबूत आहे. मागची चाकं नुसती मागून येतील. चंद्रभानने डोकं खाजवलं, पण गाडी निघाली! निघताना त्याने बजावलं, चढावर आणि रेतीत नेऊ नका.

मला हसू आलं. माझ्या मतदारसंघात चढ आणि रेती सोडून आहे काय?

१४ मे

नवापूरचा दौरा. खाडीच्या बांधावर चढताना पुढची चाकं जागेवर भिरभिरली, गाडी तसूभर हलेना. मग भगवंतने गाडी वळवून रिव्हर्समध्ये घातली. चढली. उलटी नेली की वजन पुढच्या चाकांवर येतं म्हणे. मला सुचणारच होतं.

बांध उतरून वळायला जागा नाही, म्हणून कोळीवाड्यात शिरलो तेही उलटेच. मी पुढच्या सीटवर उभा राहून सतत नमस्कार करत होतो. समोर मागे पडलेलं खाजण आणि एक म्हैस. लोक मात्र फार आनंदात होते. पोटं धरून हसत होते. इतका हसरा मतदार मी पाहिला नाही.

१५ मे

जयवंती काल नवापूरलाच होती, रखमा कोळणीकडे. दोघींची जुनी ओळख. ती चालत गेली आणि चालत आली. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "अहो, तुम्ही लोकांकडे पाठ करून गावात शिरता."

टीका विधायक असेल तर मी स्वीकारतो. उद्यापासून सीटवर उलटा उभा राहून लोकांकडे तोंड करीन.

१६ मे

उलटा उभा राहिलो. खड्डा आला तो मला दिसला नाही. कमरेत उसण.

१९ मे

अजून पडूनच. विश्रांतीचा उपयोग चिंतनासाठी करतो आहे. दुपारी झोप लागली.

जयवंती सांगत होती, नवापूरच्या बायकांना त्या बांधाचा फार त्रास आहे. एका वेळी एकच गाडी जाते. समोरून दुसरी आली की डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन बायका चिखलात उतरतात. शांताराम परवा तिथे जाऊन अंगणात बसला, आंबट भात जेवला, बांध पायाने मोजून आला. मोजून काय होतं? दूरदृष्टी लागते.

तरी मुद्दा चांगला आहे. भाषणात घेतो.

२२ मे

नवापूरला सभा. उलटा गेलो, बसून. मी निवडून आलो तर पहिलं काम हा रस्ता, असं जाहीर केलं. टाळ्या पडतील म्हणून थांबलो. रखमा उठून उभी राहिली. मला वाटलं हार आणलाय.

ती म्हणाली, "सायेब, रस्ता कराल तो सरल जानारा करा. उलट जायाला आमाला जमत नाय."

सगळे हसले. जयवंती बायकांत बसली होती. ती खाली बघत होती. ऊन फार होतं.

२५ मे

आता पुढूनही करकर. भगवंत म्हणतो, एकट्या पुढच्या शाफ्टवर सगळा भार पडतोय, हाही जाईल. चंद्रभानचा निरोप आला : पार्ट आला, गाडी घेऊन या, एक दिवसाचं काम आहे.

एक दिवस! ऐन शेवटच्या टप्प्यात! निवडून आल्यावर बसवू म्हणून कळवलं. संकटात जो थांबतो तो नेता नव्हे. हे वाक्य जयवंतीला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आणि गाडी थांबली तर?" मी हँडबिलं मोजायला घेतली.

२८ मे. मतदान.

नवापूरचं मतदान बांधाच्या अलीकडच्या शाळेत. म्हातारी माणसं आणायला जीप घेऊन निघालो. अर्थात रिव्हर्समध्ये. बांधाच्या मधोमध कडाड आवाज झाला. गाडी वेगात होती, भगवंतने स्टिअरिंग फिरवलं आणि ती बरोबर आडवी होऊन थांबली. पुढचाही गेला. आता चारही चाकांना जोर नाही. दोन्ही बाजूंना चिखल.

पलीकडून सगळं नवापूर मतदानाला निघालेलं. मागे बैलगाड्या, हातगाड्या. मी बॉनेटवर चढून शांत राहण्याचं आवाहन केलं. सगळे आधीच शांत होते.

शेवटी लोक जीपमध्ये एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायला लागले. उतरायच्या बाजूला शांताराम उभा, म्हाताऱ्यांना हात देत. मीही शेजारी जाऊन हात पुढे केला. रखमाची सासू, नवसी, तिने दोघांकडे पाहिलं आणि त्याचा हात धरला. म्हातारीला कमी दिसतं.

माझ्या गाडीतून जाऊन नवापूरने मतदान केलं, हे कोणी विसरणार नाही.

३० मे

शांताराम निवडून आला. मला किती पडली ते लिहीत नाही, वही माझीच असली तरी.

कारणं : १. भर मे महिन्यात छत्री कोणाला हवी? २. ड्रायव्हर. (भगवंत सकाळी गेला. प्रकल्पावर परत घेतलं म्हणे.) तिसरं कारण जयवंतीला विचारलं. ती म्हणाली, जेवून घ्या.

१ जून

सकाळी दारात शांताराम. मला वाटलं डिवचायला आला. तसं नव्हतं. जीप अजून बांधावर आडवी, मासळीच्या गाड्या अडल्यात, ती ओढून बोईसरला चंद्रभानकडे नेतो म्हणाला. निवडून आल्यावरचं पहिलं काम म्हणजे तो रस्ता मोकळा करणं. बैलांच्या दोन जोड्या आणल्या होत्या. फक्त स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवं.

जयवंती म्हणाली, "जा. मी पण येते."

गेलो. दोर बांधले, गाडी सरळ झाली, बैल चालू लागले. मागचा शाफ्ट गेल्यापासून आज पहिल्यांदा गावांतून पुढे तोंड करून गेलो. बांधावरून बायका पाट्या घेऊन आमच्या मागे, कोणी चिखलात उतरलं नाही. पुढे वाटेवर लोक घराबाहेर आलेले. कोणीतरी ताशा आणला. गुलाल उडाला, माझ्या चष्म्यावरही पडला. रखमा हार घेऊन जीपकडे आली.

मी मान बाहेर काढली.

ती बॉनेटला वळसा घालून पुढे गेली. शांताराम बैलांबरोबर चालत होता. हार त्याच्या गळ्यात पडला.

मान आत घेतली. जयवंती माझ्या बाजूने चालत होती. तिने पाहिलं होतं. दारावर हात ठेवून चालत राहिली.

बोईसरपर्यंत स्टिअरिंग सरळ धरलं.