रक्ताआधीच उजळलेला कागद

गुवाहाटी, रविवार

प्रिय आई,

आत्ताच चर्चमधून, मिस्साहून आले. तब्येत ठणठणीत आहे, इथे मासेही ताजे मिळतात.

अगं, काल प्रयोगशाळेत आमचा कागद चमकला! पपांच्या मेंदूत जे कमी पडतं म्हणून त्यांचे हात थरथरतात, ते डोपामाइन रक्तात ओळखणारा. जांभळ्या दिव्याखाली धरला की तो निळा उजळतो.

पण माझा तर रक्ताचा थेंब टाकण्याआधीच लख्ख उजळला! मी नाचायला लागले, आमचे सर मात्र माझ्या बोटांकडे बघत राहिले. जिन्यात बसून तू पाठवलेली सुकेळी खाल्ली होती आणि तशाच चिकट हातांनी कागद धरला होता. केळ्यातही डोपामाइन असतं, केळीच्या बागांतल्या नंदाखालची असून मीच विसरले! ओरडा खाल्ला, हात धुतले, नव्या कागदावर रक्त टाकलं. मंद, पण उजळला गं!

ही नुसती तपासणी आहे, औषध नाही. पपांना उगाच आशा लावू नकोस. त्यांना चहा अजून अर्धा कपच देतेस का? शर्टाची बटणं कोण लावतं? फोनवर ते नुसतं ‘बरा आहे’ म्हणतात.

सुकेळी त्यांनीच सोलून वाळत घातली होती ना? मग सांग त्यांना, कागदावरचा पहिला उजेड त्यांच्याच हातचा होता.

तुमची,
मरिना